स्लायडर कासव आणि बॉल पायथॉन घरात आहे: उचलायचं कसं, तपासायचं काय

मुलुंडच्या एका ताईंनी विचारलंय. मुलाचं दोन वर्षांचं स्लायडर कासव प्लॅस्टिकच्या टबात आहे, आठवडाभर डोळे सुजलेत आणि खात नाहीये. त्यात दीर कामासाठी काही महिने बंगळुरूला गेलेत आणि जाताना त्यांचा बॉल पायथॉन यांच्याकडे सोपवून गेलेत. उचलायचं कसं, आजारी आहे हे ओळखायचं कसं, सासूबाई सत्तरीच्या आहेत आणि नणंद बाळंतपणाला येणार आहे तर कुणाला काही होईल का, आणि शेजारचे म्हणतायत स्टार कासव ठेवा लकी असतं, तर त्याचं काय.

ताई, लकी कासवाचं आधी उरकून टाकतो कारण ते एका ओळीचं आहे: ठेवू नका. स्टार कासव आपल्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल १ मध्ये आहे, पकडलं गेलं तर ३ ते ७ वर्षांची कैद आणि वर किमान २५,००० रुपये दंड, आणि २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. शेजाऱ्यांकडे आधीच असेल तर त्यांना वन विभागाच्या १९२६ नंबरवर फोन करायला सांगा, गुपचूप तलावात सोडायला नको.

दिरांच्या पायथॉनची कागदपत्रं मात्र मागून घ्या. हा साप आफ्रिकेतला, साईट्सच्या, म्हणजे वन्यप्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीतला, त्यामुळे २०२२ ची कायदादुरुस्ती आणि २०२४ चे नियम आल्यापासून असे प्राणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात. नोंदणी असेल तर त्याची प्रत तुमच्या फोनमध्ये ठेवा, नसेल तर दिरांना आजच फोन लावा, कारण साप आता तुमच्या घरात आहे आणि कुणी विचारायला आलं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागणार.

आता कासव, कारण घाई त्याची आहे. डोळे सुजलेलं स्लायडर क्लिनिकमध्ये आलं की मी पहिला प्रश्न खाण्याचा विचारतो, आणि दहातल्या आठ घरांत उत्तर एकच असतं, ती पाकिटातली वाळवलेली लाल कोळंबी. वासामुळे कासव ती आवडीने खातं, पण नुसत्या त्याच्यावर ठेवलं की व्हिटॅमिन ए कमी पडतं, पापण्या सुजतात, डोळे मिटतात, आणि दिसत नाही म्हणून मग ते खातही नाही. म्हंजे घरचे म्हणतात भूक गेली, पण पुष्कळदा भूक असते आणि समोरचं अन्नच दिसत नसतं. दुसरं कारण घाण पाणी, आणि बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतं.

इथे दोन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. घरातले माणसांचे आय ड्रॉप्स घालायचे नाहीत, त्यात स्टिरॉइड असू शकतं आणि इन्फेक्शन असेल तर ते आणखी भडकतं. आणि पेट शॉपवाला म्हणाला म्हणून व्हिटॅमिन ए चं इंजेक्शन द्यायला जायचं नाही, डोस थोडा जास्त झाला तर कासवाची कातडी अक्षरशः सोलून निघते. डोस वजनावर ठरतो आणि तो डॉक्टरच ठरवणार. तिसरं पण सांगून ठेवतो, कुत्र्यांच्या जंतासाठी आणि गोचिडांसाठी जे आयव्हरमेक्टिन मिळतं ते कासवाला कधीच नाही, कुठल्याच डोसमध्ये नाही, त्याने कासव मरतं. डॉक्टर फक्त कुत्र्या-मांजरांचे असतील तर हे त्यांच्याही कानावर घाला, लाजू नका.

डॉक्टरकडे जाईपर्यंत तुमच्या हातात जे आहे ते म्हणजे उष्णता. यांचं रक्त बाहेरच्या तापमानावर चालतं, पचन, प्रतिकारशक्ती, अगदी दिलेलं औषध अंगात पसरणं सुद्धा. पाणी २७-२८ डिग्रीवर ठेवा, आणि पूर्ण कोरडं होऊन बसता येईल अशी जागा, तिथे बल्बखाली ३२ च्या आसपास. टबातलं ते प्लॅस्टिकचं नारळाचं झाड असलेलं बेट दोन वर्षांच्या कासवाच्या वजनाने बुडतं, त्याच्याऐवजी वीट किंवा कोटा लादीचा तुकडा ठेवा. तापमान हाताने बघू नका, अॅक्वेरियमचा साधा थर्मामीटर घ्या.

यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा एक भाग, देणाऱ्या लाइटबद्दल लोक फार फसतात. पिवळा गरम बल्ब यूव्हीबी देत नाही आणि काचेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हातही ते जवळजवळ उरत नाही, काच अडवते. ट्यूब वेगळी लागते, आणि ती उजेड देत राहते तरी आतला यूव्हीबी सहा महिने ते वर्षात उतरतो म्हणून बदलावी लागते. सकाळचं कोवळं ऊन बाल्कनीत द्यायचं असेल तर उत्तमच, पण टबाचा अर्धा भाग सावलीत हवा आणि माणूस शेजारी हवा, कारण दुपारच्या उन्हात छोट्या टबातलं पाणी बघता बघता तापतं, आणि मुंबईत कावळे आणि घारी असतातच. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे ऊन नसतं तेव्हा ट्यूबशिवाय दुसरा उपाय नाही. हे सगळं कशासाठी, तर यूव्हीबी आणि कॅल्शियम दोन्ही नसेल तर कवच मऊ पडतं.

आता उचलणं. कासवाला दोन्ही बाजूंनी, पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधल्या जागेत कवचावर धरायचं, अंगठे वर, बोटं खाली. ते पाय मारणार, नखं लागणार, आणि नेमकं तेव्हाच मुलं दचकून सोडून देतात. म्हणून उभ्याने उचलायचंच नाही, जमिनीवर बसून, खाली जाड टॉवेल अंथरून. कवच कडक दिसतं पण ते जिवंत हाड आहे, ओट्याच्या उंचीवरून लादीवर पडलं की तडा जातो आणि ते जुळायला महिने लागतात. शेपटीला धरून उचलू नका, आणि पाठीवर उताणं पाडून ठेवून गंमत बघू नका.

तपासताना मी हात लावायच्या आधी बरंच बघून घेतो आणि तुम्हीही तेच करा, कारण हे प्राणी आजार लपवतात. उचललं की सगळी कासवं चपळ वाटतात. टबात पोहताना बघा: एका बाजूला कलतंय का, पाण्यात खाली जाता येतंय का. कलून तरंगणारं कासव बऱ्याचदा न्यूमोनियाचं असतं, कधी पोटात गॅस असतो, पण फरक घरी कळत नाही, एक्स-रे लागतो. मान लांब करून तोंड उघडून श्वास घेतंय, नाकातून बुडबुडे येतायत, तर उद्यावर ढकलायचं नाही.

मग हातात घेऊन. डोळे दोन्ही सारखे उघडतात का. डोळ्याच्या मागे, जबड्याच्या वर एक गोल पापुद्रा असतो तो कान, तो सपाट हवा, तिथे वाटाण्याएवढा फुगा असेल तर आत पू आहे. यांचा पू पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट असतो, त्यामुळे फोडून वाहून जाईल असं होत नाही, ऑपरेशन करून काढावा लागतो, तुम्ही दाबू नका. मागचा पाय हळूच ओढून बघा, निरोगी कासव लगेच आत खेचतं, ढिला पाय म्हणजे गडबड. कवच अंगठ्याने हलकेच दाबा, दोन वर्षांच्या कासवाचं कवच दबता कामा नये. कवचावरून पातळ पारदर्शक पापुद्रे निघत असतील तर ते नॉर्मल आहे, वाढतंय ते. पण वास येणारा खड्डा, पांढरट मऊ डाग, किंवा पोटाकडच्या बाजूला लालसरपणा हे नॉर्मल नाही. नखं, पायाच्या मुळाशी चरबीच्या वळ्या, शेपटीखालची फट, सगळं एकदा नजरेखालून घाला.

शेपटीखालून काळपट मोठं काहीतरी बाहेर आलं आणि मिनिटभरात आत गेलं तर घाबरू नका, ते नर कासव आहे एवढंच, आतडं बाहेर आलं म्हणून रात्री अकराला रडत फोन करणारे लोक मला माहिती आहेत. आत गेलंच नाही तर मात्र खरंच इमर्जन्सी, ओल्या स्वच्छ कपड्यात ओलं ठेवून लगेच निघायचं. आणि मादी असेल तर नर नसतानाही अंडी धरते, घालायला मातीची जागा नसेल तर अडकतात. मोठी मादी अस्वस्थ होऊन सारखी बाहेर पडायला बघते आणि खाणं सोडते तेव्हा हे डोक्यात असू द्या.

खाण्यात कासवांच्या चांगल्या पेलेट्स, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या, मुख्य ठेवा, कोळंबी कधीतरी, आणि कासव वाढेल तशी भाजी वाढवा, मुळ्याचा पाला, शेवग्याची पानं, जास्वंदाची पानं सगळं चालतं, पालक रोज नको कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. लव्हबर्डवाल्यांकडे समुद्रफेन मिळतं, त्याचा तुकडा पाण्यात टाकून ठेवा, स्वस्त कॅल्शियम.

आता सासूबाई, नणंद आणि साल्मोनेला, म्हणजे जुलाब आणि ताप आणणारा जंतू. हे मी हसण्यावारी नेत नाही. अमेरिकेत १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा छोट्या कासवांच्या विक्रीवर बंदी आणली ती याच कारणाने, लहान मुलं ती हातात घेत होती, तोंडात घालत होती आणि आजारी पडत होती. कासव, साप, सरडे, सगळ्यांच्या आतड्यात हा जंतू असू शकतो, प्राणी ठणठणीत दिसतो, जंतू कधी विष्ठेतून बाहेर पडतो कधी नाही, त्यामुळे एक टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होता येत नाही. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी प्राणी आणि टबाचं पाणी दोन्हीपासून लांब राहायचं. बाकीच्यांनी हात लावला की साबणाने वीस सेकंद हात धुवायचे, सॅनिटायझर त्याच्या बदली चालत नाही. टब किचनच्या सिंकमध्ये धुवायचा नाही, हे आपल्याकडे सर्रास होतं, त्याच सिंकमध्ये मग तांदूळ धुतले जातात. पाणी कमोडमध्ये ओता, बादली आणि ब्रश वेगळा ठेवा, मुलाला कासवाची पापी घ्यायची नाही हे एकदा नीट दटावून सांगा. बाळ घरात येण्याआधी प्राणी दुसरीकडे हलवता आले तर सगळ्यात चांगलं, तोवर बंद खोलीत ठेवा आणि साफसफाई तुम्ही किंवा तुमच्या मिस्टरांनी करा. टबात डेटॉल किंवा फिनाइल घालू नका, आधी साध्या पाण्याने घासा, आणि नळाचं पाणी भरताना क्लोरीन घालवणारे थेंब वापरा किंवा रात्रभर बादलीत ठेवा.

बॉल पायथॉनचं तुम्हाला वाटतं तेवढं अवघड नाही. बिनविषारी, लाजाळू साप, घाबरला की डोकं मध्ये घालून चेंडू होऊन बसतो, नाव त्यावरूनच. उचलायच्या आधी कागदाच्या गुंडाळीने अंगाला हलकेच स्पर्श करा, म्हणजे त्याला कळतं की हे जेवण नाही. मग बाजूने हात घाला, डोक्याच्या वरून झडप घालू नका, वरून येतो तो शिकारी अशीच त्याची समजूत असते. अंगाला दोन ठिकाणी आधार द्या, एक हात पुढच्या एक तृतीयांश भागाखाली, दुसरा मागे, आणि त्याला हातातून हातात सरकू द्या. मान धरून ठेवायची अजिबात गरज नाही. हाताला उंदराचा, कोंबडीचा वास असेल तर आधी हात धुवा. खाल्ल्यानंतर दोन दिवस उचलायचं नाही, नाहीतर उलटी करेल, आणि उलटी झाली तर पुढचं जेवण दहा-बारा दिवसांनीच आणि छोटं. डोळे दुधाळ निळे दिसतायत म्हणजे कात टाकणार आहे, तेव्हाही त्याला एकटं सोडा, त्याला धड दिसत नसतं. चावलाच आणि सोडत नसेल तर हात ओढू नका, दात आतल्या बाजूला वळलेले असतात, तोंडावर थंड पाणी सोडा, सोडतो. मग साबणाने धुवून धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा.

त्याची कात ही तुमची फुकटातली हेल्थ रिपोर्ट समजा. पडली की फेकू नका, पसरून उजेडात धरा. एकसंध हवी, डोक्याच्या बाजूला डोळ्यांच्या दोन गोल पारदर्शक टोप्या दिसायला हव्यात, आणि शेपटीचं टोक आलेलं हवं. टोपी नसेल तर ती डोळ्यावरच अडकलीय, नखाने किंवा चिमट्याने काढायला जाऊ नका, डोळा जाईल. शेपटीला जुन्या कातीचं कडं राहिलं तर ते आवळून रक्तपुरवठा बंद होतो. तुकडे तुकडे पडली म्हणजे हवा कोरडी आहे. मुंबईत कोरडी कशी म्हणाल, तर एसीमुळे. रात्रभर २३ वर एसी चालणाऱ्या बेडरूममध्ये पिंजरा असेल तर हवाही कोरडी आणि साप थंडही, आणि मग छातीचं इन्फेक्शन. पिंजऱ्यात एक बाजू ३१-३२ आणि दुसरी २५-२६ हवी. पावसाळ्यात उलटं, दमटपणा खूप, तेव्हा खालचा कागद सतत ओला राहिला आणि हवा खेळती नसेल तर पोटाचे खवले कुजतात. हीट पॅड असेल तर थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आपोआप आवरणाऱ्या यंत्राशिवाय, लावू नका, साप भाजत असला तरी उठून बाजूला जाईलच असं नाही.

तपासताना पंखा बंद करा आणि डोक्याजवळ कान नेऊन ऐका. श्वासाला शिट्टी, घरघर, तोंडाच्या कोपऱ्यात बुडबुडे किंवा चिकट लाळ, डोकं सारखं वर करून बसणं, हे सगळं डॉक्टरकडे न्यायचं. हातातून सरकताना मणका चाकूच्या पात्यासारखा बोचत असेल तर बारीक झालाय. हनुवटीखालच्या खाचेत आणि डोळ्याभोवती काळे ठिपके बघा, पांढऱ्या टिश्यूने अंग पुसा, पाण्याच्या भांड्यात मोहरीच्या दाण्याहून बारीक काळं काही बुडालेलं आहे का बघा, त्या गोचिडीच्या जातीच्या माइट्स. कासवाच्या टबाशी त्याची भांडी एकत्र धुवू नका.

खात नाही म्हणून लगेच हादरू नका. मोठा बॉल पायथॉन हिवाळ्यात, जागा बदलली की, कधी कारणाशिवाय सुद्धा महिना दोन महिने उपाशी बसतो, आणि तुमच्याकडे जागा बदललेलीच आहे. इथे वजनच खरं सांगतं. त्याच्यासाठी वेगळा ठेवलेला इलेक्ट्रॉनिक काटा, वर झाकणाचा डबा, महिन्यातून एकदा, वहीत तारखेसकट. कासवाचं आत्ता आठवड्याला. दहा टक्के उतरलं की भूक कशी आहे याची चर्चा थांबवून डॉक्टर गाठायचा. जिवंत उंदीर देऊ नका, भुकेला नसलेल्या सापाला उंदीरच कुरतडून ठेवतो, गोठवलेला पूर्ण वितळवून कोमट करून चिमट्याने द्या.

एक गोष्ट मुलाला बजावून सांगा. तुमच्या बाजूला नॅशनल पार्क आहे, सोसायटीत साप निघतात. घरचा पायथॉन हातात घेऊन घेऊन पोराची भीड चेपते, आणि घोणस बऱ्याच लोकांना अजगराचं पिल्लू वाटते, जाड अंग, अंगावर गोल नक्षी. तिला हात घालणं म्हणजे जिवाशी खेळ. बाहेरचा साप म्हटलं की लांब उभं राहायचं, नजर ठेवायची आणि १९२६ किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन. आणि पुढे कधी स्लायडरचा कंटाळा आला तर पवई तलावात नेऊन सोडू नका, हे जगातल्या सगळ्यात त्रासदायक घुसखोर प्राण्यांच्या यादीत आहे, आपल्या कासवांची जागा आणि अन्न खातं.

डॉक्टरकडे जाताना कासव पाण्याशिवाय न्यायचं, झाकणाला भोकं पाडलेला डबा, खाली ओला टॉवेल, रिक्षात पाणी हिंदकळून सुजलेल्या डोळ्यांचं कासव गुदमरायला नको. सापासाठी उशीचा जुना अभ्रा, वर गाठ, आणि तो डब्यात. परळला पशुवैद्यकीय कॉलेज आणि बाई साकरबाई हॉस्पिटल आहे, उपनगरात एक्झॉटिक, म्हणजे कुत्र्या-मांजरांपलीकडचे पाळीव प्राणी बघणारे खासगी डॉक्टरही आहेत, पण निघण्याआधी फोन करून विचारा की आज सरीसृप बघणारे आहेत का आणि किती वाजता. टबाचा फोटो, लाइटच्या खोक्याचा फोटो, खाण्याचं पाकीट, आणि ताजी विष्ठा छोट्या डबीत, एवढं बरोबर असलं की निम्मं निदान तिथेच होतं. विष्ठेबरोबर जो पांढरा भाग असतो तो मऊ असला तर ठीक, खडूसारखा कडक किंवा हिरवट पिवळा असला तर तेही सांगा. कासव उद्याच न्या, आठवडा होऊन गेलाय. पायथॉनचं एवढ्यात काही नाही, आधी वजन करून वहीत लिहा आणि दिरांकडून शेवटचं कधी आणि काय खाल्लं ते विचारून घ्या.